एकादशीला बाहेर राहिलेली बाटली

लग्न होऊन मी म्हसावदला आले तेव्हा माझ्यासोबत एक ट्रंक, एक शिलाईचं मशीन आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आली. ट्रंकेचं आणि मशीनचं गल्लीने कौतुक केलं. पदवीचं काय करायचं ते कोणाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. नवऱ्याला मात्र नेमकं कळलं होतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाक येतो का असं विचारलंच नाही; अंड्याचं माध्यम करता येतं का, असं विचारलं. माझी आई आतून ऐकत होती. तिला वाटलं, मुलगा आम्लेट खाणारा दिसतो.

क्षयाचे जंतू बाटलीत वाढवायचे तर त्यांना खायला घालावं लागतं, आणि त्यांना अंडं आवडतं. अंडी फोडायची, फेटायची, मलमलीतून गाळायची, त्यात क्षार, ग्लिसरीन आणि एक हिरवा रंग घालायचा, आणि बाटल्या तिरक्या ठेवून मंद वाफेवर घट्ट होऊ द्यायचं. तयार झालं की ते हिरवट ढोकळ्यासारखं दिसतं. डॉक्टर (नवऱ्याला मीही डॉक्टरच म्हणायचे) आधी क्षयाच्या एका मोठ्या दवाखान्यात होते आणि तिथे हे सगळं शिकले होते. खेड्यात दवाखाना टाकला तरी जंतू वाढवायची हौस त्यांनी सोडली नाही. रोगी खोकला की बाकीचे डॉक्टर त्याची छाती तपासत. आमचे डॉक्टर आधी त्याची थुंकी मागत. गावाला याची सवय व्हायला वेळ लागला.

आम्ही राहायचो ते घर एका गुजर कुटुंबाचं होतं. पक्कं, नवं बांधलेलं, मागे खळं, खळ्यात सिमेंटचा मोठा हौद. कापसाची आणि केळीची शेती. रस्त्याकडच्या दोन खोल्या आमच्या, त्यातली एक दवाखान्याची. घरमालकिणीला सगळी गल्ली काकी म्हणायची, म्हणून आम्हीही काकी. घरात ती माणसं आपसात गुजरी बोलत आणि आमच्याशी अहिराणी. काकींच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे, तिथे आम्ही टोपलीभर अंडी आणणार होतो. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणाऱ्या पावरा बायका ती विकायला आणत. मला वाटलं, पहिल्याच आठवड्यात आमचं बिऱ्हाड रस्त्यावर येणार.

काकींनी टोपलीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "अंडासनं तुमनं काम शे, ते मी काय बोलू?" त्या म्हणाल्या. "पन चूलले शिवाडू नका. आनि एकादशीले मन्हा घरमा अंडं ऱ्हावाले नको."

म्हणजे दर एकादशीला, शुद्ध असो की वद्य, अंड्याच्या सगळ्या बाटल्या घराबाहेर. बाटल्या ठेवायची पेटी होती लाकडाची. आत थर्मामीटर, खाली कंदील, आणि त्याची वात वर-खाली करून पेटीला अंगाची ऊब देत राहणं हे माझं काम. पेटलेल्या कंदिलासकट पेटी हलवणं शक्य नव्हतं. मग मी बाटल्या काढून बाहेरच्या भिंतीतल्या खोल कोनाड्यात लावायची, आणि दुसऱ्या दिवशी काकींनी उपास सोडला की डॉक्टर त्या परत आत आणायचे. शास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता आणि मी तसं मोठ्याने बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जंतूंना एक दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही.

काकींबद्दल सांगायचं तर त्यांच्या हातांपासूनच सांगायला हवं. गल्लीत मूल जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला काकींना बोलावणं जायचं. त्या न्हाणीत पाय लांब करून बसत, बाळाला पायांवर पालथं घेत, आणि पहिला तांब्या नेहमी स्वतःच्या उजव्या हातावर ओतून बघत. मग तेल, मग बेसन, मग पाणी. रडणारी पोरं त्यांच्या पायांवर गप्प व्हायची हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी न्हाऊ घातलेली पोरं आता बैलगाड्या हाकत होती. पण त्यांच्या स्वतःच्या घरात बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता. त्या साली सुनेला दिवस गेले, आणि काकींनी न्हाणीतली फरशी नव्याने बसवून घेतली, बाळ यायला सहा-सात महिने असताना.

श्रावणात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर एक गाठ आली. लालसर-जांभळी, फारशी दुखत नव्हती. त्यांनी हळद लावली. गाठ फुटली, चिघळली, बरी होईना. डॉक्टरांनी ती पाहिली आणि विचारलं, "काकी, मासळी साफ करता का?"

भोई लोकांच्या बोटांना काटा लागून असं काही होतं, हे त्यांच्या डोक्यात होतं. काकी उठून उभ्या राहिल्या. "भाऊ, आमी गुजर शेतस," एवढंच म्हणाल्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे चहा आला नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही एखाद्या दिवशी भटजीला विचाराल दारू कोणती पिता म्हणून. ते म्हणाले, कारण शोधायचं तर विचारावं लागतंच.

भाद्रपदात मनगटाजवळ दुसरी गाठ आली. नवरात्रात हाताच्या वरच्या बाजूला आणखी दोन, एकाखाली एक, एका रेषेत चढत गेलेल्या. आता काकींनी पदर हातावर ओढून घ्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी एका गाठीतला थेंब सुईने ओढला, काचेवर पसरवला, रंगवला, आणि सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत बसले. काकी समोर स्टुलावर.

"काय दिसनं?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा खोटं बोलू शकत नव्हता. हा गुण म्हणून सांगतात लोक. मी त्याच्याबरोबर संसार केला आहे, तेव्हा माझं मत वेगळं आहे. ते म्हणाले, "लाल काड्या दिसल्या. महारोगातही अशाच दिसतात, पण..."

त्या 'पण'च्या पुढे ते बरंच काही बोलले. कापसाच्या बोळ्याने सगळीकडे स्पर्श कळतो आहे, महारोगात तो जातो. नस जाड झालेली नाही. क्षयाच्या काड्याही लालच दिसतात, आणि कातडीचा क्षय असू शकतो. आणखी वेगळंच काही असू शकतं. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एक अक्षर काकींच्या कानात गेलं नाही. त्या हळूच उठल्या, स्टूल पदराने पुसलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी खळ्यातल्या खोलीत राहायला गेल्या होत्या. ती खोली कापूस ठेवायची. स्वतःचं ताट, तांब्या, गोधडी त्यांनी वेगळी काढून नेली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी यायच्या, पण आत नाही. सुनेला दुरून हाताने खूण करायच्या, बस, वाकू नको, पाणी उचलू नको. सून नववी पास, अबोल मुलगी. तिने एकदा त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर काकी अशा मागे सरकल्या की तिला रडू फुटलं. गल्लीत कोणालाही काही सांगितलं नाही, पण शेजारच्या घरी बारसं-न्हाणं निघालं तेव्हा काकी अंग मोडून आलं म्हणून गेल्या नाहीत. काकींचे यजमान, आमचे काका, फार बोलणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खाट उचलली आणि खळ्यातल्या त्या खोलीच्या दारात आणून टाकली. तिथेच जेवायला लागले.

मी त्या दिवशी डॉक्टरांशी जे भांडले ते आयुष्यात पुन्हा भांडले नाही. तुमची ती लाल काडी खरी आणि माणूस काय खोटं आहे का, असं काहीसं बोलले. अर्धं वाक्य टाकून कोणाचं घर असं मोडतात का, म्हणाले. ते उठून पेटीपाशी गेले. मग म्हणाले, "आपल्याकडे एक उपाय आहे. आणि त्यासाठी तुझे हात लागतील."

गोष्ट साधी होती. महारोगाचा जंतू बाटलीत वाढत नाही. जगात कोणालाच तो अजून वाढवता आलेला नव्हता, अंड्यावर नाही, कशावरच नाही. काकींच्या गाठीतून जे निघतं ते आमच्या बाटलीत उगवलं, तर तो महारोग नाही. त्यासाठी मुंबईला जायची गरज नव्हती, कोणाला विचारायची गरज नव्हती. नुसतं उगवायला हवं होतं.

मी त्या अंड्यांवर जेवढा जीव लावला तेवढा पुढे माझ्या मुलांच्या पुरणपोळ्यांवरही लावला नाही. माध्यम एकदा फुटलं, दुसऱ्यांदा नीट जमलं. काकींनी खळ्यात बसून हात पुढे केला, तोंड दुसरीकडे वळवून. डॉक्टरांनी थेंब घेतला आणि बाटल्यांमध्ये पसरवला. बाटल्या पेटीत गेल्या. मी रात्रंदिवस कंदिलाच्या वातीशी खेळत होते, पारा जराही हलू देत नव्हते. सुनेला आठवा लागला होता.

दिवाळीच्या तोंडावर एकादशी आली. माझा संताप संताप झाला. काकींसाठी बाटल्या वाढवायच्या आणि काकींच्याच नेमासाठी त्या बाहेर काढायच्या. एवढ्या एका वेळी नेम बाजूला ठेवा, असं सांगायला मी खळ्यात गेले. काकी कोरडी भाकर खात असत, त्या दिवशी तीही नव्हती. मला बघून म्हणाल्या, "पोरी, बाटल्या बाहेर काढ्यात ना? आते देवनं तरी मन्हाकडे पाठ फिरावाले नको." मी परत आले आणि बाटल्या कोनाड्यात लावल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या आत आणल्या.

भाऊबीजेला मी माहेरी गेले, परत यायला उशीर झाला. मधली एकादशी डॉक्टरांनीच सांभाळली. मी आले आणि आधी पेटी उघडली. बाटल्या स्वच्छ. हिरव्या, गुळगुळीत, जशा ठेवल्या तशा. डॉक्टर म्हणाले, अजून वाट बघू. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि मला कळलं की त्यांनाही आता महारोगच वाटू लागलाय.

कार्तिक वद्य एकादशीला मी पुन्हा बाटल्या बाहेर काढल्या. कोनाड्यात दिवाळीच्या पणत्या कोणी तशाच ठेवल्या होत्या, त्या मी बाजूला सारल्या. मागे एक बाटली आडवी पडली होती. डॉक्टरांच्या अक्षरातली मेणाच्या पेन्सिलीची खूण तिच्यावर होती. एका एकादशीला ती आत न्यायची राहिली, आणि पुढच्या एकादशीला त्यांनी तिच्या पुढ्यात बाकीच्या बाटल्या लावूनही त्यांना ती दिसली नाही. हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. मी चिडून ती बाटली उचलली, आणि उजेडात धरली.

हिरव्यावर लिंबाच्या सालीच्या रंगाचे ठिपके उगवले होते. गोल, ओलसर, दाट. सकाळचं ऊन जिथे पोचत होतं त्या बाजूचे जास्त पिवळे.

मी डॉक्टरांना हाक मारली नाही. मी आत जाऊन ती बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ठिपका काचेवर घेतला, रंगवला, बघितला. लाल काड्या. मग खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "क्षयाचाही नाही. हा तिसराच कोणीतरी आहे. आणि याला ऊब सोसत नाही."

मी एवढे दिवस वातीशी झगडून जी ऊब राखली होती, तीच त्याला नको होती. बाहेरच्या गारव्यात तो सुखाने वाढला. म्हणूनच तो काकींच्या हातावर राहत होता, अंगात शिरत नव्हता. हात अंगापेक्षा गारच असतो. डॉक्टरांनी खात्रीसाठी नंतर पुन्हा लावून पाहिलं. पेटीतली बाटली कोरी राहिली, कोनाड्यातली पिवळी झाली. पण त्या सकाळीच त्यांना आठवलं, परदेशात पोहण्याच्या तलावाच्या खरखरीत भिंतीला कोपर घासलेल्या पोरांना असं झाल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेवढ्यावर ते उठले, आणि मी अडवायच्या आत खळ्यात जाऊन काकींना विचारते झाले, "काकी, तलावात पोहायला जाता का?"

काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा हसल्या. "भाऊ, तुमनं डोकं ठिकानवर शे का?"

मी हसले नाही, कारण माझी नजर काकींच्या पलीकडे हौदावर गेली होती. डासांच्या अळ्या खातात म्हणून मलेरियावाल्यांनी त्यात छोटे मासे सोडले होते. काकींना त्यांचा लळा लागला होता. कणकेच्या गोळ्या टाकायच्या. हौद धुवायची वेळ आली की गड्याला जवळ येऊ द्यायच्या नाहीत, तो जीव मारील म्हणून. स्वतः हाताने मासे घागरीत काढायच्या आणि मग कोपरापर्यंत हात घालून सिमेंटची भिंत विटेच्या तुकड्याने घासायच्या. पेरं तिथे सोलवटायची. मी म्हटलं, "काकी, हे मासेच ना?"

"हाई?" काकी खरोखर चकित झाल्या. "हाई कसाना मासा? हाई ते हौदना जीव शेतस."

मासा म्हणजे जो लोक खातात तो. काकींच्या लेखी हौदातले जीव गोठ्यातल्या वासरासारखे घरचे होते, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं मासळीबद्दल विचारून चहा गमावून बसलो होतो. डॉक्टर हौदाच्या काठावर बसले आणि त्यांनी या वेळी वाक्य उलटं सुरू केलं. आधी म्हणाले, महारोग नाही. मग थांबले. मग पुन्हा म्हणाले, महारोग नाही, आणि हे तुमच्याकडून दुसऱ्या कोणाला होत नाही. बाकीचं सगळं, हा जंतू हौदाच्या पाण्यातून सोललेल्या पेरांत शिरला हेही, त्यानंतर सांगितलं.

काकी मान खाली घालून ऐकत होत्या. "कसावरथून म्हनतस?" त्यांनी विचारलं.

"बाटलीत उगवलं म्हणून."

"अंडावर?"

"अंड्यावर. एकादशीला बाहेर ठेवलं होतं त्या."

मला वाटलं, आता काय होणार. काकींनी डोळे पुसले. "मग मन्हा नेमनी वाचाडं माले," त्या म्हणाल्या. डॉक्टर काहीतरी समजावून सांगायला निघाले, तापमान वगैरे. मी त्यांचा सदरा मागून ओढला. पुढे आयुष्यभर काकी तसंच सांगत राहिल्या, आणि मला त्यात खोडून काढण्यासारखं फारसं काही सापडलं नाही.

उपचार म्हणजे त्या काळी जे हाताशी होतं ते. डॉक्टरांनी सर्वांत मोठी गाठ कापून काढली. क्षयाच्या गोळ्या आणि सुया काही महिने दिल्या, आणि सांगितलं की याला ऊब सोसत नाही तर आपण ऊबच देऊ. रोज सकाळ-संध्याकाळ सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात. यातल्या कशाने गुण आला ते मला माहीत नाही, हेही त्यांनी काकींना सांगितलं. कदाचित काहीच न करताही बरं झालं असतं. मी कपाळावर हात मारला. हौद धुवायचं काम गड्याकडे गेलं आणि काकी काठावर उभ्या राहून त्याला घामाघूम करू लागल्या.

काकी घरात परत आल्या, चुलीपाशी बसल्या. काकांची खाट ओट्यावर गेली. पण मार्गशीर्षात नात जन्मली तेव्हा जखमा अजून ओल्या होत्या, आणि डॉक्टर म्हणाले की हा जंतू लागत नसला तरी उघड्या जखमेत दुसरे असतात, कातडी बंद होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत हात नको. शेजारची बाई न्हाऊ घालायला येऊ लागली. काकी न्हाणीच्या दाराशी पाट टाकून बसायच्या आणि तोंडाने न्हाऊ घालायच्या. तेल थोडं, मान सांभाळ, कानात पानी जाई ऱ्हायनं. त्या बाईने हे कसं सोसलं देव जाणे.

होळीपर्यंत सगळ्या जखमा भरल्या. हातावर एका रेषेत जांभळट वण राहिले. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल न्हाऊ घाला. काकी हो म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाठ दुखत होती. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. शेजारची बाई येत राहिली, काकी पाटावर बसून राहिल्या, हात मांडीखाली घेऊन. मी सांगून पाहिलं, काका सांगून थकले. बरं झालेलं त्यांना कळत होतं, पण त्या कापसाच्या खोलीतले दिवस हातातून जात नव्हते. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

मग एका सकाळी मी सहज मागच्या दाराने गेले, तर शेजारच्या बाईला सुनेने येऊ नका म्हणून निरोप धाडला होता. न्हाणीत बंब पेटलेला, घंगाळात पाणी काढून ते दाराशी सरकवलेलं. काकी आपल्या पाटावर, पाय लांब करून. सून आली, तिने उघड्या बाळाला त्यांच्या पायांवर पालथं ठेवलं, आणि चुलीकडे वळली.

"पोरी, हाई काय करी ऱ्हायनी?" काकी म्हणाल्या.

"माय, पानी थंडं व्हयी ऱ्हायनं," ती आतून म्हणाली. "मन्ही भाकर तव्यावर शे."

बाळ पायांवर वळवळायला लागलं. सोडून द्यावं तर घसरेल. काकींनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. मग त्यांनी तांब्या उचलला, आणि पहिला तांब्या नेहमीसारखा स्वतःच्या उजव्या हातावर, त्या वणांवरून ओतला, पाणी फार कढत तर नाही ना ते बघायला.